मांजर, पाखरू आणि आपली रहमदिली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मांजरीने अंगणातल्या जास्वंदीवरचे बुलबुलाचे घरटे रिकामे केले. दोन पिल्ले होती. बुलबुलाची जोडी दोन दिवस विजेच्या तारेवर बसून ओरडत राहिली. दादी म्हणाली, "जाने दे बेटा, बिल्ली है, क्या करती बिचारी!"

आपल्या घरांत मांजरीला सहसा कोणी हाकलत नाही. त्याला कारण आहे. मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे. ती सांगणाऱ्या अबू कतादा या सहाबींनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजरीसाठी तिरपे धरले होते. पण अबू दाऊदच्याच संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबींनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले, हिला पिल्लांवरून कोणी दुखावले? आणि पिल्ले परत ठेवायला लावली.

पहिली हदीस आपण घरोघर सांगतो. दुसरी फारशी सांगत नाही.

मांजर माणसाजवळ आली ती धान्यामुळे. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. शेती आली, कोठारे आली, उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आली. आपल्या वऱ्हाडातही ज्वारीची कणगी होती तोवर घरात मांजर हवीच असे. आज आमच्या घरी रेशनचे धान्य पत्र्याच्या कोठीत बंद असते. मांजरीचे काम संपले, शिकारीची सवय मात्र गेली नाही.

ही सवय काय करू शकते, याची एक जुनी नोंद न्यूझीलंडची आहे. तिथल्या स्टीफन्स बेटावर 1894 मध्ये दीपगृह सुरू झाले आणि त्या सुमारास माणसांबरोबर मांजरीही पोहोचल्या. बेटावर एक उडू न शकणारा चिमुकला पक्षी होता. काही वर्षांतच तो जगातून नाहीसा झाला. दीपगृहावरच्या एकाच मांजरीने तो संपवला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण अभ्यासक म्हणतात, रानटी होऊन वाढलेल्या अनेक मांजरी त्याला कारण होत्या. अमेरिकेत 2013 च्या एका अभ्यासाने मांजरींमुळे वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मरतात असा अंदाज दिला. त्यातले बहुतेक बेवारस मांजरींनी मारलेले.

'बेवारस' या शब्दापाशी मी अडखळतो. आमचे गाव लोणार. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद घेतली ती काच आणि साबणाला लागणाऱ्या पदार्थांसाठी, त्यांच्या महसुलासाठी. आज हे सरोवर वन्यजीव अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही आहे. मोर, टिटव्या, बगळे इथे राहतात. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. आणि गाव अगदी विवराच्या काठाला लागून. मांजर व्याली की पिल्ले गोणीत घालून याच काठावर सोडायची, ही आमच्या मोहल्ल्याची रीत. लहानपणी मीही सोडली आहेत. मारली नाहीत, सोडली, म्हणून आम्ही स्वतःला रहमदिल समजत होतो. त्यातली निम्मी भुकेने मेली असतील. जी जगली, ती पाखरांवर जगली.

मांजरीला घरात ठेवू या म्हटले, की लगेच बुखारी शरीफमधली बाई आठवून दिली जाते. मांजर कोंडल्याबद्दल तिला अजाब झाला. पण ती हदीस पुरती वाचा. तिने मांजरीला खायला दिले नाही, आणि बाहेर जाऊन खाऊही दिले नाही. गुन्हा उपाशी मारण्याचा होता. पोटभर खाऊ घालून, पाणी देऊन, मायेने घरात ठेवणे हा नव्हे.

आमची घरे अंगणाची, पत्र्याची. मांजर कायम आत राहणे कठीण, हे मान्य. पण मार्च ते ऑगस्ट, पाखरांची पिल्ले असतात तेव्हा, निदान पहाटे आणि दिवेलागणीला तिला आत ठेवता येते. इंग्लंडमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाणे दिल्यावर मांजरींनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यावर 25 टक्क्यांनी. जनावरांच्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घेतली, तर गोणीची वेळच येत नाही.

आमच्या मांजरीची नसबंदी झाली. संध्याकाळी ती आता आत असते, दोरीला बांधलेल्या चिंधीमागे धावते. दादी आधी कुरकुरली. या वर्षी बुलबुल पुन्हा जास्वंदीवर आले. परवा दादीच मला म्हणाली, "मगरिब हो रही, बिल्ली अंदर ली क्या?"