मॉन्ट्रोझ येथील विमान-अपघात
मॉन्ट्रोझ : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्रिटनचे आद्य लष्करी विमानकेंद्र. स्थापना १९१३. त्याच वर्षी २७ मे रोजी लेफ्टनंट डेझ्मंड आर्थर यांच्या बी. ई. २ या द्विपंखी विमानाचा उजवा पंख हवेतच मोडून ते मृत्यू पावले. पंखातील मोडलेल्या लाकडी भागाची सदोष दुरुस्ती कापडी आवरणाखाली झाकलेली होती, असे रॉयल एअरो क्लबच्या चौकशीत आढळले. पुढे दोन्ही महायुद्धांत येथे वैमानिकांना शिक्षण दिले जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्वार्धात ८ क्रमांकाची उड्डाण प्रशिक्षण शाळा येथे होती. प्रशिक्षणातील अपघातांत कित्येक तरुण शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच दगावले. आर्थर यांच्याप्रमाणेच त्यांपैकी काहींच्या कबरी जवळच्या स्लीपीहिलॉक दफनभूमीत आहेत.