आपली मुले आपण होऊन शिकत नाहीत?

पुण्याजवळच्या ताथवड्यात राजर्षी शाहू अभियांत्रिकी, इंदिरा, बालाजी अशा संस्थांची दाटी आहे. शेजारी हिंजवडीच्या आयटी कंपन्या, पलीकडे चाकणचे वाहन-कारखाने. कॅम्पस मुलाखती बहुधा इंग्रजीतून होतात, त्यामुळे इंग्रजीची चिंता इथे बारमाही. या चिंतेतून एक मत आता सिद्धान्तासारखे मांडले जाते : संगणक दिले, हेडफोन दिले, सॉफ्टवेअर दिले, तरी लँग्वेज लॅब ओस पडते; कारण आपल्या मुलांना, विशेषतः मराठी माध्यमातल्या, स्वतःहून शिकणे जमत नाही. त्यांना समोर सर किंवा मॅडमच लागतात. स्वयंअध्ययन ही पाश्चात्त्यांची चैन.

या मतातला एक भाग खरा आहे. नवख्या विद्यार्थ्याला साहित्याच्या ढिगापुढे एकटे सोडले, तर तो भांबावतो आणि चार दिवसांत येईनासा होतो. पण एवढ्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

आधी ‘चैन’ पाहू. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग घेऊन मराठी माणसांच्या कितीएक पिढ्या घरबसल्या इंग्रजी शिकल्या. आजही पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. कोणता विषय आधी, कोणते पुस्तक, जुन्या प्रश्नपत्रिकांवर आपण कुठे कमी पडतो, हे सगळे ती स्वतः ठरवतात. यातली अनेक मुले लातूर-परभणीकडची, मराठी माध्यमातलीच. अभ्यासिकेत दिसणारा गुण लॅबच्या दारात नाहीसा होतो, असे मानायला आधार काय?

दुसरा मुद्दा ‘सर लागतात’ हा. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे सरांसमोर बसून इंग्रजी शिकलेला असतो. तरी त्याची जीभ अडखळत असेल, तर शिकवण्याचा आणखी एक तास हा उपाय कसा?

आता लॅबचा हिशेब. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या मान्यता-पुस्तिकेत गेल्या दशकात १००० विद्यार्थ्यांमागे २५ संगणक असे प्रमाण दिलेले होते. लॅब आठवड्याला ४० तास उघडी राहिली, तरी एकेकाच्या वाट्याला आठवड्याचा एकच तास येतो. तोही वेळापत्रकात बॅचनुसार बांधलेला, हजेरीचा, जर्नलवर सही घेण्याचा. त्याच पुस्तिकेत मात्र लॅबमधले वर्ग स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी असल्याचे म्हटले होते. स्वेच्छा वगळून उभी केलेली खोली ओस पडली, की विद्यार्थ्याच्या स्वभावाला बोल लावायचा, हा न्याय उलटा आहे.

स्वयंअध्ययन म्हणजे नेमके काय, हेही पाहू. फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात काम करणाऱ्या आंरी होलेक यांनी १९७९ साली युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात स्वायत्त अध्ययनाच्या पाच जबाबदाऱ्या सांगितल्या : उद्दिष्ट ठरवणे, मजकूर व त्याचा क्रम ठरवणे, पद्धत निवडणे, प्रगतीवर नजर ठेवणे आणि काय साधले ते जोखणे. बहुतेक लॅबमध्ये या पाचही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने किंवा अभ्यासक्रमाने आधीच उरकलेल्या असतात. विद्यार्थ्याकडे उरते ते बटण दाबणे. तिथे स्वयंअध्ययन फसले असे म्हणता येणार नाही; ते सुरूच झाले नव्हते.

मग करावे काय? लॅबचा तो आठवड्याचा एक तास ड्रिलसाठी खर्च करू नये. उरलेल्या आठवड्याची दिशा ठरवण्यासाठी वापरावा. जपानच्या कांदा विद्यापीठाने २००१ साली स्वयंअध्ययनाचे केंद्र काढले. तिथे अध्ययन-सल्लागार असतात. ते धडा घेत नाहीत. विद्यार्थ्याशी बोलून त्याची योजना त्यालाच आखायला लावतात. आपल्याकडे हे बोलणे मराठीतून झाले तर बिघडत नाही, उलट अडचण नेमकी सांगता येते. ज्याला चाकणच्या कारखान्यात जायचे आहे त्याने यंत्राचे मॅन्युअल आणि सुरक्षा-सूचना वाचाव्यात. ज्याला हिंजवडीत जायचे आहे त्याने स्वतःचा प्रोजेक्ट दोन मिनिटांत सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करावा, महिन्याने पुन्हा करावा आणि दोन्ही ऐकून फरक स्वतःच टिपावा. यासाठी नवे सॉफ्टवेअर नको. शिक्षक मात्र हवा, फक्त वेगळ्या कामासाठी.

‘हजेरी काढली तर कोणी फिरकणार नाही’ हा शेवटचा आक्षेप. सुरुवातीला गर्दी ओसरेल, हे मान्य. पण सक्तीने भरलेली लॅब फक्त तपासणीच्या कागदावर चांगली दिसते. शिकण्याचे निर्णय ज्याच्या हाती कधी दिलेच नाहीत, त्याला ते घेता येत नाहीत असा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. आधी ते निर्णय त्याच्या हाती द्यावेत, सोबत सल्लागार द्यावा, आणि दोन-तीन सत्रांनंतर हा वाद पुन्हा काढावा.