रक्ताची परीक्षा आणि प्रकाशाची साक्ष



डहाणू तालुक्यातल्या कैनाडसारख्या गावी एखादे पोर सारखे फिकट दिसते, सांधे धरून रडते. कुणी म्हणते थंडी बाधली, कुणी म्हणते अंगात रक्त कमी. कधी कधी मात्र दोष रक्ताच्या एका रेणूत असतो. हा रेणू माणसाने ओळखला कसा, ते आज पाहू.

१९१० साली शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. म्हणून या आजाराचे नाव सिकलसेल. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, मूळ दोष पेशीतल्या हिमोग्लोबिनचा आहे. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. पुढे महाराष्ट्र-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातही. एकाच पालकाकडून हा गुण आला, तर माणूस केवळ वाहक होतो आणि हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षणही मिळते. दोघांकडून आला, तर आजार होतो.

आता परीक्षा कशी करायची? काचेच्या नळीत औषधी द्रावण घ्यायचे, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या, तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या, तर दोषी हिमोग्लोबिन आहे. किती स्वस्त युक्ती ही! पण वाहक कोण आणि आजारी कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. अगदी तान्ह्या मुलांत तर ही युक्ती फसते.

म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशाकडून अधिक नेमकी साक्ष मागू लागले. १९५६ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आम्लात सिलिकॉन गुळगुळीत करताना त्यावर रंगीत थर चढला. तो थर म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची चाळणच. पावसाच्या डबक्यावर तेलाचा तवंग रंग दाखवतो ना, तसेच इथे होते: थराच्या वरून आणि तळातून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. छिद्रांत ठरावीक रेणू पकडणारे पदार्थ बसवले, तर तो रेणू अडकताच रंग किंचित सरकतो. १९९७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याच रीतीने जैविक रेणू ओळखून दाखवले. साधा पांढरा प्रकाश आणि लहान यंत्र पुरते, म्हणून खर्च कमी. अजून ही रीत मुख्यतः प्रयोगशाळांतच आहे. पाड्यावर पोचायची आहे.

तोवर नळी आणि रेघा आपल्या हाती आहेतच. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. गुरुजनहो, मुलांना एवढे अवश्य सांगा: वाहक असणे हा कलंक नव्हे. पण लग्नाआधी दोन्ही घरांना ते ठाऊक असेल, तर पुढच्या लेकराचे दुखणे टळू शकते.