दारूची छुपी जाहिरात: पालकांनी काय लक्षात घ्यावे?

टीव्हीवर दारूची जाहिरात दाखवता येत नाही. तरीही अनेक मुलांना दारूच्या ब्रँडची नावे ओळखीची असतात. असे का होते?

छुपी जाहिरात म्हणजे काय?
जाहिरात सोड्याची, पाण्याची किंवा म्युझिक सीडीची असते. पण नाव, लोगो आणि रंग दारूच्या ब्रँडचे असतात. वस्तू वेगळी असली तरी आठवते ती दारूच.

कायदा काय सांगतो?
• महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९: कलम २४ नुसार मादक पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी आहे.
• केबल टीव्ही नियम, १९९४: दारूची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही.
• केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना, २०२२: छुप्या जाहिरातींना मनाई आहे. मात्र केवळ ब्रँडचे नाव सारखे आहे म्हणून जाहिरात छुपी ठरत नाही. पळवाट इथेच राहते.

आरोग्याशी संबंध काय?
अशा जाहिराती वारंवार पाहणारी किशोरवयीन मुले लवकर दारू पिऊ लागण्याची शक्यता जास्त असते. दारूमुळे तोंड, अन्ननलिका, यकृत आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना जाहिरातींवरील निर्बंधांना प्रभावी उपाय मानते.

तुम्ही काय करू शकता?
• जाहिरात लागली की मुलांना विचारा, "हे नक्की काय विकतायत?" ओरडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.
• आक्षेपार्ह जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करा.
• घरात कुणाला दारूचे व्यसन असेल, तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा किंवा डॉक्टरांना भेटा.