स्टेपनीची गोष्ट

जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. मूळ वेल्समधल्या लानेली गावची स्टेपनी स्ट्रीट! पूर्वी मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर रस्त्यातच काढावे लागे. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरची, आरे नसलेली धाव काढली. पंक्चर चाकाला ती आवळायची नि घर गाठायचे.

२०१९ मध्ये अमेरिकेत मुलाच्या मोटरहोमला स्टेपनीच नव्हती. टायरांची नक्षी शाबूत, पण कडेवर शेवटचे आकडे ०९०८. म्हणजे २००८ चा नववा आठवडा. उभ्या गाडीचेही रबर म्हातारे होते. सहाही बदलले. "जुन्यातलाच एक स्टेपनीला ठेवू," मुलगा म्हणाला. मी म्हटले, "अडचणीला धावायचे त्यानेच म्हातारे असून कसे चालेल?" सत्तरीतल्या मला बोलताना हसू आले. सातवाही नवाच घेतला.