नॉक्सनचा कडा

ओझोनच्या छिद्राची गोष्ट सांगताना सगळे क्लोरीनपाशी येऊन थांबतात. मला त्यातलं नायट्रोजनचं प्रकरण जास्त भारी वाटतं.

१९७० च्या दशकात जॉन नॉक्सन हे अमेरिकी शास्त्रज्ञ संधिप्रकाशात आकाशाचा वर्णपट मोजत. हिवाळ्यात उत्तरेकडे सरकावं तसा वरच्या थरातला नायट्रोजन डायऑक्साइड एकदम घसरायचा. कडाच म्हणा ना! नावही तेच पडलं, 'नॉक्सनचा कडा'.

१९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरचे ओझोनचे आकडे छापले, आणि ध्रुवावरच्या हिवाळ्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. एरवी हा नायट्रोजन डायऑक्साइड क्लोरीनला बांधून ठेवतो. ध्रुवीय रात्रीत मात्र त्याचं नायट्रिक आम्ल होतं. साधारण उणे ७८ अंशांखाली ते ढगांच्या कणांत जातं, त्यातले जड कण खाली पडतात. वर त्याच कणांवर क्लोरीन मोकळं होतं! वसंतात ऊन आलं की त्याला अडवणारं कोणी नसतं.

१९८६ मध्ये सुसान सॉलोमन मॅकमर्डोला गेल्या. नायट्रोजन डायऑक्साइड अगदी कमी, क्लोरीन डायऑक्साइड मात्र भरपूर. पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, मॉन्ट्रियल करार झाला. विमानांतून घेतलेली निर्णायक मोजमापं तेव्हा नुकतीच हाती येत होती, तरी सरकारांनी सह्या केल्या.