घोरपड पाळता येत नाही. मग कोणता सरडा घरी आणावा?

चंद्रपूर, प्रतिनिधी : ताडोबाभोवतीच्या गावांत किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वाढलेल्या माणसाला 'मोठा सरडा' म्हटले की घोरपडच आठवते. शेताच्या बांधावर, वारुळाजवळ, पडक्या भिंतीच्या कपारीत ती हमखास दिसते. तिचे पिलू हाती लागले की ते खोक्यात घालून घरी नेण्याचा मोह अनेकांना होतो. शहरातील हौशी मंडळींना कुत्र्या-मांजरांपलीकडचे काहीतरी पाळावेसे वाटते, तेव्हा त्यांचीही पहिली चौकशी बहुधा घोरपडीचीच असते. या चौकशीचे उत्तर एका वाक्यात देता येते. घोरपड पाळणे हा गुन्हा आहे, आणि तोही साधा नव्हे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिला वाघाच्या पंक्तीत बसविण्यात आले आहे. कायद्यातील 'शिकार' या शब्दात केवळ मारणे नव्हे, तर पकडणेही येते. २०२२ मध्ये झालेल्या व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. 'आम्ही मारली नाही, जीव लावून सांभाळली' हा बचाव येथे चालत नाही.

एवढी कडक तरतूद का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात व चारही या अनुसूचीत आहेत. कातड्याच्या व्यापाराने विसाव्या शतकात त्यांची मोठी हानी केली. मांस आणि औषधी म्हणून विकले जाणारे तेल यांसाठी शिकार आजही होते. मांत्रिक मंडळी जी 'हत्थाजोडी' दुर्मीळ मुळी म्हणून विकतात, ते पुष्कळदा नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. धनलाभासाठी ते तिजोरीत ठेवणाऱ्यांना याची कल्पनाही नसते. गोव्यातील घुमट या वाद्यालाही पूर्वी घोरपडीचेच कातडे लागे. आता त्या जागी बकऱ्याचे कातडे आले आणि २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली.

<b>पिलू 'अनाथ' नसते</b>

घोरपड पकडणाऱ्यांपैकी काहींचा हेतू खरोखर चांगला असतो. एकटे पिलू दिसले, आई कुठेच नाही, म्हणून ते उचलले जाते. येथे निसर्गाची रीत समजून घ्यायला हवी. मादी पावसाळ्याच्या सुमारास बिळात किंवा वारुळात वीसेक अंडी घालते, माती लोटून तोंड बुजवते आणि निघून जाते. साडेपाच ते आठ महिन्यांनी पिले बाहेर येतात, ती पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतात. एकटे दिसणारे पिलू म्हणूनच अनाथ नसते. अंगावरील ठळक पट्ट्या-ठिपक्यांमुळे हीच पिले काही भागांत 'बिसखोपरा' नावाचा महाविषारी प्राणी समजून मारली जातात. घोरपडीच्या चाव्याने माणूस दगावत नाही. मात्र तिच्या नख्या व जबडा खोल जखम करू शकतात आणि शेपटीचा फटकाही चांगलाच लागतो.

पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत लांब होते. दिवसभर फिरून किडे, भुंगे, खेकडे, उंदीर, अंडी आणि मेलेली जनावरे खाणारा हा प्राणी आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या 'यशवंती'ची आख्यायिका आपण सारेच ऐकत आलो. पण दोर बांधण्याजोगी पाळीव घोरपड इतिहासाच्या विश्वसनीय साधनांत सापडत नाही.

'मग हेमलकशाला आमटे कसे पाळतात?' हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत हमखास विचारला जातो. डॉ. प्रकाश आमटे यांनी भामरागड तालुक्यातील लोक बिरादरी प्रकल्पात शिकारीनंतर पोरक्या झालेल्या पिलांना आसरा दिला. लोक बिरादरीचे काम १९७३ चे आणि प्राण्यांचे अनाथालयही त्याच दशकातले. माडिया शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू पाहून त्याची सुरुवात झाली, हे सर्वश्रुत आहे. ते काम बचावाचे आहे, हौसेचे नव्हे. अशा केंद्रांवर शासकीय यंत्रणेची देखरेख असते आणि घरच्या अंगणाला ते उदाहरण लागू पडत नाही.

<b>कायद्यात बसणारा पर्याय</b>

हौस खरीच असेल तर व्यवहारात उरतो तो प्रामुख्याने हिरवा इग्वाना. हा मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला, शाकाहारी आणि झाडावर राहणारा. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साईटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो असल्याने आपल्या कायद्याच्या नव्या चौथ्या अनुसूचीत येतो. तो पाळता येतो, पण नोंदणी करून. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. मालकी बदलली, पिले झाली किंवा प्राणी मेला तरी कळवावे लागते. म्हणून विकणाऱ्याकडे त्याच्या नावावरील नोंद मागावी. 'कागदपत्रे नंतर देतो' असे उत्तर मिळाले तर तेथून उठून यावे, हे उत्तम.

दत्तक घ्यायचा असल्यास दुकानातील हिरव्यागार, वीतभर पिलापेक्षा कंटाळलेल्या मालकाकडील मोठा इग्वाना अधिक शहाणपणाचा ठरतो. त्याचा स्वभाव व अंतिम आकार समोरच दिसतो. डोळे स्वच्छ, शेपटीचे बूड भरलेले, जबडा व पाय सरळ असावेत. जबडा मऊ किंवा सुजलेला, पाय वाकडे, हालचालीत थरथर असेल तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे समजावे. हा आजार बहुधा अतिनील किरणांच्या अभावाने होतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून खास दिवा लागतो व तो ठरावीक काळाने बदलावा लागतो.

वीतभर पिलू काही वर्षांत दीड मीटर किंवा त्याहून लांब होते आणि पंधरा-वीस वर्षे जगू शकते. त्याला माणसाच्या उंचीएवढा, फांद्या असलेला पिंजरा लागतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत तेवढी एक भिंत द्यावी लागेल. ऊन शेकण्याची जागा ३५ अंशांच्या आसपास, बाकी पिंजरा २६ ते ३१ अंश आणि हवा दमट, ही त्याची गरज. चंद्रपूरचा मे महिना याच्या अगदी उलट आहे. पारा ४५ अंशांपलीकडे, हवा कोरडी आणि कूलर सतत चालू. गडचिरोलीकडे हिवाळ्याच्या रात्री दिवा लावावा लागतो आणि वीज गेली की प्राणी गारठतो. महाऔष्णिक वीज केंद्राच्या शहरातही इन्व्हर्टर घ्यावाच लागतो, हे येथे सांगणे न लगे.

खाण्याची सोय मात्र आपल्याकडे सोपी आहे. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, भोपळा, थोडी पपई पुरते. पालक रोज देऊ नये, त्यातील घटक कॅल्शियम अडवतात. अंडी किंवा मांस हौसेने भरवणारे त्याची मूत्रपिंडे बिघडवतात. हात लावल्यावर साबणाने धुणे आवश्यक आहे, कारण या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतात. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर हा विचार पुढे ढकलावा. वयात आलेला नर विणीच्या काळात मालकालाही चावतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य कोठे आहे, याची चौकशी इग्वाना आणण्याआधी करावी. या दोन जिल्ह्यांतून त्यासाठी नागपूर गाठण्याची तयारी ठेवलेली बरी.

कंटाळा आला म्हणून तो जंगलात सोडणे तर सर्वांत वाईट. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात असेच सुटलेले इग्वाना बेसुमार वाढले असून बागा व कालव्यांचे काठ पोखरत आहेत.

आणि घोरपड अंगणात आलीच तर? कुत्रा बांधावा, मुलांना मागे घ्यावे, बाहेर जाण्याची एक वाट मोकळी ठेवावी. काठीने डिवचले नाही तर ती बहुधा स्वतःच निघून जाते. घरात अडकली असेल किंवा जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा जवळच्या वनरक्षकाला बोलवावे. कर्मचारी येईपर्यंत तिला पाणी-खाणे भरवू नये, अंधाऱ्या कोपऱ्यात शांत राहू द्यावे.